अर्ध्या मिनिटाची तालीम : ऊसतोडीच्या तळावर जीवनकौशल्ये शिकवायला जाणाऱ्यांसाठी

ऊसतोड मजुरांच्या तळावर वाढणाऱ्या मुलामुलींसोबत एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करायला येणारा नवा कार्यकर्ता बहुधा पत्रकांचा गठ्ठा घेऊन येतो. पहिल्या हंगामात मीही तशीच गेले होते. दोन-तीन बैठकांतच लक्षात येते की एड्स कशाने होतो, हे यातल्या बऱ्याच मुलांनी कुठे ना कुठे ऐकलेले असते. पंधरा वर्षांच्या मुलीचे अडते ते वेगळ्याच ठिकाणी. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर "चल, बाजारापर्यंत सोडतो" म्हणाला की त्या अर्ध्या मिनिटात तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि फुटला तरी पुढे कुणाकडे जायचे हे तिला ठाऊक नसते. या मुलांना जीवनकौशल्ये शिकवायची म्हणजे त्या अर्ध्या मिनिटाची तालीम करून घ्यायची, असे माझे मत बनले आहे आणि पुढच्या सगळ्या सूचना त्याच मतातून आलेल्या आहेत.

धोका कुठून येतो, ते आधी समजून घ्या

ऊस तोडल्याने कुणाला एचआयव्ही होत नाही. हे वाक्य बाळबोध वाटेल, पण कारखान्याच्या गावातले लोक तळाकडे ज्या नजरेने पाहतात ती पाहिल्यावर ते पाठ करून ठेवावेसे वाटते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे आणि थेट उत्तर कर्नाटकापर्यंत ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत पाचटाच्या किंवा ताडपत्रीच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतात. कोपीला दाराची कडी नसते, न्हाणीला आडोसा नसतो, रात्री उजेड नसतो. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून मिळणारी आगाऊ उचल नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका पूर्ण कोयत्याला मिळते; एकट्या माणसाचा अर्धा कोयता. त्यामुळे मुलाचे लग्न लवकर उरकण्यात घराचा हिशेब असतो, आणि मुलीला मागे गावी एकटी ठेवण्याच्या भीतीपोटी तिचेही लग्न लवकर होते. २००६च्या कायद्याने मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ वर्षांची अट घातलेली असली, तरी तळावर सोळा वर्षांची सून भेटणे ही नवलाची गोष्ट नाही. अशा मुलीला नवऱ्याच्या बाहेरच्या वागण्याविषयी प्रश्न विचारण्याची किंवा निरोधाचा विषय काढण्याची मुभा जवळजवळ नसते.

स्थलांतरित मजूर आणि लांब पल्ल्याचे ट्रकचालक यांच्यासाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, वेगळे कार्यक्रम चालवते ते याच कारणांमुळे. घरापासून तुटलेपण, हातात अचानक आलेला पैसा, दारू आणि दवाखान्यापासूनचे अंतर या गोष्टी एकत्र आल्या की लागणीची शक्यता वाढते. या मुलांची शाळा मध्येच सुटलेली असते, आणि जी शाळेत टिकली त्यांच्याही कानावर फारसे काही पडलेले नसते, कारण किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावर २००७ साली जो गदारोळ झाला त्यात महाराष्ट्रानेही तो शाळांतून थांबवला होता. "लैंगिक शिक्षण" म्हटले की भुवया उंचावतात आणि "जीवनकौशल्ये" म्हटले की दार उघडते, हा व्यवहार तेव्हापासूनचा आहे. दार उघडण्यासाठी तो शब्द जरूर वापरा. आत गेल्यावर मात्र मूळ विषय गिळू नका.

तळ निवडा आणि मुलांची वेळ ओळखा

बैलगाड्यांवाल्यांचे गाडी सेंटर बहुतेक वेळा कारखान्याजवळच्या एका मोठ्या तळावर हंगामभर मुक्काम करते, तर डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक भरणाऱ्यांचे डोकी सेंटर ऊस संपेल तसे गावोगाव सरकत राहते. नव्या माणसाने पहिला हंगाम गाडी सेंटरवरच काढावा, नाहीतर तिसऱ्या बैठकीला गेल्यावर तळाच्या जागी विझलेल्या चुलीच तेवढ्या सापडतात.

तळावरची चूल पहाटे तीन-चारला पेटते आणि उजाडायच्या आत मोठी माणसे फडात पोचलेली असतात. दुपारी तळावर उरतात त्या लहान भावंडांना सांभाळणाऱ्या बारा-चौदा वर्षांच्या मुली. त्यांची बैठक दुपारी एक ते तीनच्या दरम्यानच होऊ शकते, आणि प्रत्येकीच्या कडेवर एक मूल असणार हे गृहीत धरावे लागते. सोबत एखादी सहकारी फक्त त्या बाळांना खेळवायला असेल तर निम्मे काम झाले. तोडीला जाणारे मुलगे संध्याकाळी सातनंतरच सापडतात आणि पाऊण तासापलीकडे त्यांना बसवणे हा अन्याय आहे. बसल्या जागी डोळे मिटतात. कार्यालयाच्या वेळेत हे काम होत नाही, हे तुमच्या संस्थेला पहिल्याच दिवशी लेखी कळवा.

मुकादमाला डावलून तळावर पाय टिकत नाही, आणि मुकादमाच्या मांडीला मांडी लावून बसलात तर मुली तोंड उघडत नाहीत. यातून मार्ग एवढाच, की परवानगी एकदा, दिवसाउजेडी, गावच्या आशाताईंना सोबत घेऊन मागावी आणि बैठका त्याच्या कोपीपासून दूर, शक्यतो पाण्याच्या टाकीकडे घ्याव्यात. परवानगी मागताना एचआयव्हीचा उल्लेख लपवू नये. वयात येणाऱ्या मुलांना शरीर, व्यसन, फोन आणि आजार यांविषयी बोलणार आहोत व त्या आजारांत एड्सही आहे, असे सरळ सांगितल्यास सहसा कुणी अडवत नाही. लपवलेले मात्र आठवडाभरात फुटते. आयांची परवानगी वेगळी घ्या. ती चुलीपाशी बसूनच मिळते.

पहिली बैठक : ओळख आणि गुपिताची हद्द

गट बारा ते पंधरा जणांचा असावा, मुलगे व मुली वेगळे, आणि लग्न झालेल्या मुलींचा गट अविवाहित मुलींपासून निराळा. मुलींसोबत बाईने आणि मुलग्यांसोबत पुरुषाने बसावे. उलट करून पाहिलेले आहे, त्यात फक्त खिदळणे ऐकू येते.

पहिल्या बैठकीत आजाराचे नावही काढले नाही तरी चालेल, पण एक गोष्ट टाळता येणार नाही. "इथले बोलणे बाहेर जाणार नाही" असे उत्साहाच्या भरात सांगून टाकण्याची चूक बहुतेक नवखे करतात. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यावर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि त्यातून कार्यकर्त्याची सुटका नाही. म्हणून शब्द नेमके ठेवा. मी असे सांगते : "इथली गोष्ट आपण तळावर सांगत फिरायची नाही. पण तुमच्यापैकी कुणाला कोणी इजा करत असेल, तर ते मला माझ्यापाशी ठेवता येणार नाही. कुणाला सांगणार आहे ते मात्र आधी तुला सांगेन." हे ऐकून काही मुली गप्प होतात. त्यातली एखादी महिन्याभराने येते, आणि सगळे ठाऊक असूनच येते.

माहिती : हळद-चुन्याचा खेळ

जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा जीवनकौशल्यांची यादी केली. स्वतःची ओळख, समानुभूती, चिकित्सक विचार, निर्णय घेणे, संवाद, ताण हाताळणे वगैरे. दहाही शिकवायच्या फंदात पडू नका. तळावर आठ बैठका मिळाल्या तरी नशीब; त्यांत संवाद, निर्णय, भावना ओळखणे आणि मदत मागणे एवढे पुरे आहे. माहिती मात्र एका बैठकीत, नीट आणि एकदाच द्यावी.

त्यासाठी पत्रकापेक्षा उपयोगी पडणारा खेळ तळावरच्या सामानातून होतो. आदल्या संध्याकाळी तंबाखूच्या पुडीतला चुना पाण्यात चांगला ढवळून ठेवावा. सकाळी गाळ खाली बसून वर नितळ निवळी उरते, ती पाण्यासारखीच दिसते. बारा पेले घेऊन अकरांत साधे पाणी आणि एकात ही निवळी भरावी. प्रत्येकाने तीन वेळा, दरवेळी वेगळ्या माणसाबरोबर, आपला पेला त्याच्या पेल्यात ओतून पुन्हा अर्धे अर्धे वाटून घ्यायचे. दोघे जण मात्र सुरुवातीपासून पेल्यावर ताटली झाकून ठेवतात आणि ओतू देत नाहीत. शेवटी प्रत्येकाच्या पेल्यात चिमूटभर हळद टाकत जायचे. साध्या पाण्याचा रंग पिवळा राहतो. निवळी पोचलेल्या पेल्यांत तो कुंकवासारखा लाल होतो. एका पेल्यापासून तीन फेऱ्यांत आठपर्यंत पेले लाल होऊ शकतात, आणि ताटली झाकलेले दोन पिवळेच राहतात. पहिला लाल पेला दिसला की गटात जी शांतता पसरते, ती मी कुठल्याही भाषणाने आणू शकलेले नाही.

दोन सावधगिऱ्या. निवळी डोळ्यांत किंवा तोंडात जाता कामा नये, म्हणून पेले लगेच गोळा करून सांडून द्या. आणि निवळीचा मूळ पेला स्वतःच्या हातात ठेवा, कुणाही मुलाला देऊ नका. नाहीतर खेळ संपल्यावर "हिच्यापासून सुरू झालं" ही चिडवाचिडवी हंगामभर चालते.

खेळानंतर मोजकेच सांगावे. हा विषाणू असुरक्षित लैंगिक संबंधांतून, दूषित सुईतून, दूषित रक्तातून आणि आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवणे, एकच हंडा वापरणे, डास चावणे, कोयत्याचा दांडा हातात घेणे यांतून तो जात नाही. उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता शेकडा १५ ते ४५ असते आणि वेळेवर उपचार घेतल्यास ती पाचांच्याही खाली येते. लग्न झालेल्या मुलींच्या गटात एवढी एक गोष्ट पोचली तरी बैठक सार्थकी लागली. माणूस पाहून लागण ओळखता येत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. निवळीने ते सांगितलेले असते. निरोध कसा वापरायचा याचे प्रात्यक्षिक अठरापुढच्या आणि विवाहितांच्या गटात करावे : मुदत पाहणे, पाकीट दाताने न फाडणे, टोक चिमटीत धरून हवा काढणे आणि वापरल्यावर गाठ मारून टाकणे. सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो.

तालीम : तीन बैठका याच्यासाठी राखून ठेवा

कामाचा गाभा हा आहे आणि घाईत नेमका हाच भाग कापला जातो. "नाही म्हणायला शिका" असे सांगून कुणी नाही म्हणायला शिकत नाही. प्रसंग उभा करावा, एकाने समोरच्याची भूमिका घ्यावी, आणि जिच्यावर प्रसंग आला आहे तिने उभे राहून, आपल्या बोलीत, मोठ्याने उत्तर द्यावे. मग गटाने विचारावे : आवाज पोचला का, पाय कुठे होते, पुढे काय झाले असते?

मुलींचा प्रसंग ड्रायव्हरचा. पहिल्या खेपेला बहुतेक जणी मान खाली घालून पदराशी किंवा ओढणीशी चाळा करतात. दुसऱ्या खेपेला एखादी म्हणते, "मला नाय यायचं." तिसऱ्या खेपेला गटातूनच सूचना येऊ लागतात. एका दुपारी एका मुलीने कडेवरचे पोर दुसरीकडून मागून घेतले, ड्रायव्हर झालेल्या मैत्रिणीकडे न पाहताच तळाच्या दिशेने चालायला लागली आणि मागे वळून ओरडली, "आय हाका मारतीय, जाते मी!" आई तर फडात होती. हे उत्तर कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, पण त्यात सगळे होते : कारण, आवाज, अंतर आणि माणसांकडे नेणारी वाट. अशी उत्तरे वहीत टिपून ठेवा आणि पुढच्या तळावर तीच वापरा.

येथे एक पथ्य पाळावे. नाही म्हटल्यावर जिला मार खावा लागणार आहे, तिला धीटपणे नाही म्हणायला शिकवणे हा आपल्या समाधानासाठी तिच्या जिवाशी केलेला खेळ ठरतो. नवरा दारू पिऊन आला आहे, घरात तोच मोठा आहे, तळ झोपला आहे. अशा रात्रीसाठी वेगळी तालीम लागते. शेजारच्या कोपीत कोण जागे होईल, कुठल्या बाईकडे पोर घेऊन जाता येईल, सकाळी आशाताईंना काय सांगायचे. तिच्या हातात जेवढे आहे तेवढ्याचीच तालीम घ्या. तिच्या हातात काहीच नाही असे वाटले, तर ती बैठकीतली गोष्ट राहिलेली नसते. ती मुलगी अठराच्या आतली असेल तर १०९८ या बाल मदतवाहिनीवर फोन करायची वेळ आलेली असते.

मुलग्यांचा प्रसंग पैसे हाती आल्याच्या रात्रीचा. दोन मोठे मजूर दारू पाजून लॉजवर चल म्हणतात आणि नको म्हटल्यावर "मर्द हायस का न्हाय?" असे विचारतात. मुलग्यांना आजाराची भीती घालून इथे फारसे साधत नाही, कारण त्या क्षणी भीती हसण्याची असते, आजाराची नाही. म्हणून उत्तरही हसवणारे असावे लागते. "पहाटं तीनला तू उठवशील का मला?" हे एकाचे उत्तर त्या तळावर नंतर म्हणीसारखे वापरात होते. मुलग्यांच्या गटात दुसराही एक प्रश्न विचारायला विसरू नका : समोरच्या मुलीने मान खाली घातली, काहीच बोलली नाही, तर तिचे उत्तर काय समजायचे? यावर वाद होतो, आणि तो होऊ द्यावा.

दवाखान्याची वाट पायी दाखवा

पत्ता लिहून दिल्याने कुणी दवाखान्यात जात नाही. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, म्हणजे आयसीटीसी, कुठल्या खोलीत आहे, तिथे कोण बसते, रांग कुठे लागते, हे एकदा गटाला नेऊन दाखवा. तोड बंद असेल असा दिवस निवडा आणि त्या दिवशी कुणाचीही चाचणी करू नका. फक्त खोली पाहून परत या. तिथली चाचणी मोफत आणि गोपनीय असते, तिच्या आधी व नंतर समुपदेशन होते आणि अठराखालच्यांसाठी पालकाची संमती लागते. लागण चाचणीत दिसायला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून पुन्हा तपासायला बोलावले तर घाबरून जायचे नसते, हेही त्या खोलीतच समुपदेशकाकडून वदवून घ्या. किशोरांसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असते. पाळी, अंगावरून जाणे, स्वप्नदोष अशा तक्रारी तिथे नेता येतात, आणि बऱ्याचदा मुले त्या निमित्तानेच दवाखान्याला सरावतात.

एक आकडा मात्र तुम्हाला स्वतःला झोपेतही आठवला पाहिजे : ७२ तास. बलात्कार झाल्यास किंवा वापरलेली सुई टोचल्यास, तेवढ्या वेळाच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करता येते आणि ते २८ दिवस घ्यावे लागते. जितके लवकर तितके चांगले. त्यामुळे आधी रुग्णालय गाठायचे, बाकीची चर्चा नंतर. साध्या शंकांसाठी १०९७ ही राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन मोफत आहे.

तो किंवा ती गटातच आहे, असे धरून बोला

पहिल्या हंगामात मी कवटीचे चित्र असलेला एक जुना तक्ता भिंतीसारखा उभा करून बोलले होते. पुढच्या बैठकीला एक चौदा वर्षांचा मुलगा आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. नंतर त्याच्या आत्याकडून कळले की त्याची आई गावी औषधांवर होती. त्याच्या आईचे चित्र म्हणून मी त्याला कवटी दाखवली होती. तक्ता जाळला, पण तो मुलगा पुन्हा बैठकीला आला नाही.

तेव्हापासून प्रत्येक गटात एखादे मूल स्वतः एचआयव्हीसह जगत आहे किंवा त्याच्या घरात कुणी आहे, असे गृहीत धरून मी वाक्ये निवडते. औषधे १ एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. रोज वेळेवर घेतल्यास माणूस शाळा, काम, संसार सगळे करतो, आणि रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी होऊन तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून दुसऱ्याला लागण होत नाही. कुणाची लागण त्याच्या संमतीशिवाय उघड करणे किंवा त्यावरून त्याला शाळेतून वा कामावरून काढणे २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याला मान्य नाही. हा कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. मुकादमाने किंवा कारखान्याच्या कुणी "त्यांच्यात कुणाला आहे का?" असे विचारले, तर तुमचे उत्तर ठरलेले असले पाहिजे : मला माहीत असते तरी सांगता आले नसते.

औषधांवर असलेल्या मुलाचा खरा प्रश्न स्थलांतराचा असतो. गोळ्यांचा डबा कोपीत कुठे लपवायचा आणि डबा संपल्यावर काय करायचे? निघण्यापूर्वीच गावच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात त्या सरकारी केंद्रात, सांगून जास्त महिन्यांच्या गोळ्या मागता येतात किंवा कारखान्याजवळच्या केंद्रावर नाव वळवून घेता येते. हे पालकांपैकी फार थोड्यांना माहीत असते आणि विचारायची लाज वाटते. तुम्ही दोन्ही केंद्रांच्या समुपदेशकांना ओळखत असाल, तर हे काम एका फोनचे आहे.

पट्टा पडण्यापूर्वी

कारखान्याचा पट्टा कधी पडणार, म्हणजे गाळप कधी संपणार, हे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या चिटबॉयला पंधरा दिवस आधी कळते. त्याच्याशी ओळख ठेवा, कारण तळ एका रात्रीत उठतो. शेवटच्या दोन बैठकांत पहिलेच प्रसंग पुन्हा करून घ्या आणि वहीतल्या जुन्या नोंदींशी ताडून पाहा. जिच्या तोंडून पहिल्या खेपेला शब्द फुटला नव्हता ती आता काय म्हणते, हीच तुमची परीक्षा. अहवालात उपस्थितीचा आकडा मागतात तो द्याच, पण या नोंदी वेगळ्या जपा.

प्रत्येक मुलाला त्याच्या गावाजवळच्या आयसीटीसीचे ठिकाण आणि १०९७, १०९८ हे दोन क्रमांक पाठ करून घ्यायला लावा. कागदावर दिलेले चुलीत जाते. गावाकडच्या आशाताईंना कुणाचे नाव कळवायचे असेल, तर आधी त्या मुलाला विचारा. आणि उन्हाळ्यात कुणाचे लग्न ठरते आहे, हा प्रश्न मुलींच्या गटात मोघम न टाकता एकेकीला बाजूला घेऊन विचारा. अठराच्या आतल्या मुलीची तारीख कळली तर तिच्या गावच्या ग्रामसेवकाला, तो बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो म्हणून, तळ उठण्याच्या आत कळवलेले बरे. गाड्या एकदा बीडच्या रस्त्याला लागल्या की पुढचा हंगाम सुरू होईपर्यंत ती मुलगी तुम्हाला पुन्हा भेटत नाही, आणि भेटते तेव्हा बहुधा तिच्या हातात कोयता असतो.